सहा खंडांचे विजेते एकाच पायरीवर उभे करा : फिफा परिषदेस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
फिफा परिषद, झुरिच.

सविनय नमस्कार.

१७ डिसेंबर २०२५ रोजी कतारमध्ये आंतरखंडीय चषकाचा अंतिम सामना झाला. युरोपचा विजेता पॅरिस सेंट-जर्मेन आणि दक्षिण अमेरिकेचा विजेता फ्लामेंगो यांच्यातील ही लढत १-१ अशी बरोबरीत राहिली आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये पॅरिसचा गोलरक्षक मात्वेई साफोनोव्ह याने चार फटके अडवून चषक आपल्या संघाच्या हाती दिला. त्याच्या त्या रात्रीच्या कामगिरीला उणे लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु सामना संपल्यावर मी नेहमीप्रमाणे माझी वही उघडली आणि दोन्ही संघांच्या नावांपुढचे सामने मोजले, तेव्हा मन खट्टू झाले. फ्लामेंगोच्या नावापुढे तीन सामने होते : १० डिसेंबरला क्रूझ अझूल, १३ डिसेंबरला पिरॅमिड्स आणि १७ डिसेंबरला पॅरिस. पॅरिसच्या नावापुढे एकच सामना होता आणि तो अंतिम सामना होता.

ही वही मी २००५ पासून ठेवत आले आहे. त्या वर्षी योकोहामात साओ पावलोने लिव्हरपूलला १-० असे हरवले, तेव्हा पहिले पान लिहिले. दरवर्षी सहा रकाने आखायचे, प्रत्येक खंडाच्या विजेत्याचे नाव लिहायचे आणि कोण कोणाला हरवून पुढे गेले ते रेषांनी जोडायचे, एवढाच तिचा उद्योग. मी कोणत्याही क्लबची सभासद नाही, पत्रकार नाही, खेळाडूही नाही. आपापल्या खंडात सर्वांना हरवून आलेले सहा संघ एका मैदानावर भेटतात, ही कल्पनाच मला इतकी मोलाची वाटली की वीस वर्षे तिची नोंद ठेवावी असे वाटले. गेली दोन वर्षे मात्र स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच मी त्या पानावर अंतिम फेरीतील एक चौकट भरू शकते, कारण युरोपच्या विजेत्याला आपण थेट तेथेच नेऊन बसवता. एकही चेंडू न खेळता मिळालेली ही जागा मला मुकाट्याने मान्य करता येत नाही, आणि हा निर्णय आपल्या परिषदेचा असल्यामुळे हे पत्र आपल्याला आणि ते सर्वांसमक्ष लिहीत आहे.

या स्पर्धेच्या जन्माची आठवण आधी करून देते. १९६० मध्ये रेयाल माद्रिद आणि पेन्यारोल यांच्यात पहिला आंतरखंडीय चषक खेळला गेला, तेव्हा पहिला सामना मोंतेविदेओत ०-० असा सुटला आणि दुसरा माद्रिदमध्ये यजमानांनी ५-१ असा जिंकला. एक सामना माझ्या घरी, एक तुझ्या घरी, असा तो सरळ हिशोब होता. पुढे त्या स्पर्धेत बरेच काही बिघडले. सेल्टिक आणि रेसिंग यांच्यातील १९६७ ची लढत आणि मिलान व एस्तुदियांतेस यांच्यातील १९६९ ची लढत हाणामारीमुळेच आठवली जाते. सत्तरच्या दशकात आयाक्स, बायर्न आणि लिव्हरपूल यांनी युरोपचे विजेते असूनही खेळायला नकार दिला. १९७५ आणि १९७८ मध्ये तर चषक झालाच नाही. १९८० पासून टोकियोत एकच सामना खेळवण्याची पद्धत आली आणि तिने स्पर्धा सावरली. आफ्रिका, आशिया, उत्तर व मध्य अमेरिका आणि ओशनिया यांना तेथे दारच उघडे नव्हते, हा अन्याय होताच. पण जे दोघे मैदानात उतरत, ते सारख्याच पायरीवरून उतरत. झिकोच्या फ्लामेंगोने १९८१ मध्ये लिव्हरपूलला ३-० असे हरवले, तेव्हा दोघांनीही त्या स्पर्धेत तेवढा एकच सामना खेळलेला होता. याच परिषदेने २०१७ मध्ये १९६० ते २००४ पर्यंतच्या त्या सर्व विजेत्यांना जगज्जेते म्हणून मान्यता दिली आहे.

सर्व खंडांना बोलावणारी आपली स्वतःची पहिली स्पर्धा जानेवारी २००० मध्ये ब्राझीलमध्ये झाली. आठ संघ, चार-चारचे दोन गट आणि सर्वांचा आरंभ गटसाखळीतूनच. त्या स्पर्धेत मँचेस्टर युनायटेडने नेकाक्साशी बरोबरी केली, ब्राझीलच्या वास्को द गामा क्लबकडून ३-१ असा पराभव पत्करला आणि गटातूनच परतीचा रस्ता धरला. रेयाल माद्रिदला कोरिन्थियन्सने २-२ असे रोखले आणि तिसऱ्या स्थानाच्या सामन्यात नेकाक्साने शूटआऊटमध्ये हरवले. अंतिम सामना माराकानावर दोन ब्राझिली संघांत झाला आणि कोरिन्थियन्स जिंकला. खंडीय विजेत्यांच्या आपल्या छोट्या स्पर्धेत युरोपचे संघ इतरांबरोबर पहिल्या पायरीवरून निघाले ते त्या एकाच वेळी, आणि त्या वेळी त्यांच्यापैकी एकही अंतिम फेरीत नव्हता. एका स्पर्धेवरून मी सिद्धान्त मांडत नाही. पण पायरी सारखी असली की निकाल आधीपासून ठरलेला राहत नाही, एवढे तरी त्यावरून म्हणता येते.

२००५ मध्ये स्पर्धा पुन्हा सुरू झाली, तेव्हा युरोप आणि दक्षिण अमेरिका यांच्या विजेत्यांना उपांत्य फेरीपर्यंत पुढे चाल देण्यात आली. बाकीच्यांनी आधी आपसांत खेळायचे, मग थकलेल्या पायांनी त्यांना भेटायचे. माझ्या वहीतले २०१३ चे पान या व्यवस्थेचा सगळा अर्थ सांगते. यजमान मोरोक्कोच्या ‘राजा कासाब्लांका’ या क्लबने ११ डिसेंबरला ऑकलंड सिटीला हरवले, १४ डिसेंबरला जादा वेळेत मॉन्टेरेला हरवले आणि १८ डिसेंबरला रोनाल्डिन्होच्या अॅटलेटिको मिनेरोला ३-१ असे हरवले. त्या सामन्यानंतर राजाचे खेळाडू रोनाल्डिन्होभोवती गोळा झाले आणि त्याचे बूट आठवण म्हणून काढून घेऊ लागले. हरवलेल्या प्रतिस्पर्ध्याविषयीचे इतके निर्मळ प्रेम मी मैदानावर क्वचित पाहिले आहे. तिसऱ्या दिवशी, २१ डिसेंबरला, बायर्नविरुद्धचा अंतिम सामना त्यांनी ०-२ असा गमावला. अकरा दिवसांत राजाचा तो चौथा सामना होता आणि बायर्नचा दुसरा. बायर्न तेव्हा निःसंशय बलाढ्य होता आणि कदाचित कसाही जिंकला असता. म्हणूनच विचारते, इतक्या बलाढ्य संघाला सवलतीची गरज कशासाठी होती?

त्याआधी २०१० मध्ये लुबुंबाशीच्या टीपी माझेम्बेने पाचुका आणि इंटरनासिओनाल यांना हरवून अंतिम फेरी गाठली होती. आफ्रिकी संघ तेथवर पोहोचण्याची ती पहिलीच वेळ. गोलरक्षक किदियाबा जमिनीवर बसून उड्या मारत जल्लोष करत होता, ते दृश्य पाहिलेला माणूस ते विसरणार नाही. कशिमा अँटलर्सने २०१६ मध्ये रेयाल माद्रिदला जादा वेळेपर्यंत झुंजवले. अल ऐनने २०१८ मध्ये रिव्हर प्लेटला बाहेर काढले. न्यूझीलंडच्या ऑकलंड सिटीने २०१४ मध्ये तिसरे स्थान मिळवले. हे सगळे संघ खालच्या पायरीवरून चढत वर आले होते.

अशा वेळी आपल्याकडून ती तफावत कमी होण्याची अपेक्षा होती. २०२४ मध्ये आंतरखंडीय चषक नव्या रूपात आणताना आपण ती वाढवली. आता युरोपच्या विजेत्यासाठी उपांत्य फेरीही नाही, थेट अंतिम सामना आहे. दक्षिण अमेरिकेचा विजेता दोन पायऱ्या खाली, आणि ओशनियाचा विजेता व त्याच्याशी आधी खेळणारा आशियाचा किंवा आफ्रिकेचा विजेता त्याहूनही खाली. ओशनियाच्या विजेत्याने तर महिने आधी, प्रतिस्पर्ध्याच्याच घरी जाऊन पहिला सामना खेळायचा. ऑकलंड सिटीने २०२४ मध्ये अल ऐन शहरात आणि २०२५ मध्ये कैरोत तो खेळला आणि दोन्ही वेळा त्यांची स्पर्धा नव्वद मिनिटांत संपली.

बोटाफोगोचे उदाहरण थोडे सविस्तर सांगावेसे वाटते, कारण माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार त्यातच आहे. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी ब्युनोस आयर्समध्ये त्यांनी कोपा लिबर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या क्लबांची अजिंक्यपद स्पर्धा, जिंकली, क्लबच्या इतिहासात प्रथमच. ८ डिसेंबरला रिओमध्ये शेवटचा सामना जिंकून त्यांनी ब्राझीलची लीग जिंकली. तेथून विमानाने दोहा गाठले आणि ११ डिसेंबरला पाचुकाविरुद्ध मैदानात उतरले. ब्राझीलचा मोसम जानेवारीत राज्यस्तरीय स्पर्धांनी सुरू होतो आणि डिसेंबरात संपतो, म्हणजे हे खेळाडू वर्षभर थांबलेच नव्हते. तिसऱ्या दिवशी, अर्ध्या जगापलीकडे, वेगळ्या हवेत आणि वेगळ्या वेळेत खेळलेला तो सामना त्यांनी ०-३ असा गमावला. दक्षिण अमेरिकेचा विजेता स्पर्धेतून बाहेर गेला, तेव्हा युरोपचा विजेता अजून खेळायचाच होता. पाचुकाने १४ डिसेंबरला कैरोच्या अल अहलीला शूटआऊटमध्ये हरवले आणि १८ डिसेंबरला तिसऱ्या सामन्यात ताज्या दमाच्या रेयाल माद्रिदकडून ०-३ अशी हार पत्करली. पुढच्या वर्षी हेच घडले : फ्लामेंगोने २९ नोव्हेंबरला लिमामध्ये लिबर्तादोरेस जिंकली, ३ डिसेंबरला लीग जिंकली आणि १० डिसेंबरला ते कतारमध्ये खेळत होते. तरीही त्यांनी पॅरिसला शूटआऊटपर्यंत खेचले. मला राहून राहून वाटते, दोघांचे पाय सारखेच दमलेले असते तर ती रात्र कशी झाली असती?

युरोपच्या क्लबांचे वेळापत्रक भरगच्च असते, म्हणून त्यांना एकच सामना ठेवला, असे यावर सांगितले जाते. वेळापत्रक भरगच्च असते हे खरेच आहे. पण भरगच्च वेळापत्रक हे सवलतीचे कारण असेल, तर ते बोटाफोगोला आणि फ्लामेंगोलाही लागू व्हायला हवे होते. डिसेंबरातले तीन सामने एका विजेत्याला झेपणारे नसतील, तर ते कोणालाच झेपणारे नाहीत. मग स्पर्धेची वेळ बदलावी, पायऱ्या बदलू नयेत.

माझी मागणी अगदी साधी आहे आणि तिने वेळापत्रकात एकाही सामन्याची भर पडत नाही. सहा खंडांच्या सहा विजेत्यांच्या सहा चिठ्ठ्या एका भांड्यात टाका. पहिल्या दोन चिठ्ठ्या ज्यांच्या निघतील त्यांना उपांत्य फेरीपर्यंत पुढे चाल मिळेल, उरलेले चार संघ आधीच्या फेरीचे दोन सामने खेळतील. दोन, मग दोन, मग अंतिम, असे एकूण पाच सामने होतात. आजच्या रचनेतही पाचच आहेत. कोणत्याही संघाला तीनपेक्षा जास्त सामने खेळावे लागणार नाहीत. एखाद्या वर्षी पुढे चाल युरोपला मिळेल, एखाद्या वर्षी ओशनियाला मिळेल, आणि ज्याला मिळेल त्याच्याकडे कोणी बोट दाखवू शकणार नाही. त्यासोबत एवढेच करावे की सर्व सामने एकाच ठिकाणी व्हावेत, किंवा यजमान मैदानही सोडतीनेच ठरावे, आणि दोन्ही उपांत्य सामन्यांनंतर अंतिम सामन्यापर्यंत दोघांनाही सारखीच विश्रांती मिळावी.

दुसरी तक्रार ३२ संघांच्या क्लब विश्वचषकाविषयी आहे. तिच्याआधी एक कबुली दिली पाहिजे. १४ जून ते १३ जुलै २०२५ या काळात अमेरिकेत झालेल्या त्या स्पर्धेकडे मी नाखुशीने पाहायला बसले होते आणि तिने मला चकित केले. तेथे सर्व संघ गटसाखळीत एकाच पायरीवरून निघाले आणि जे व्हायला हवे तेच झाले. बोटाफोगोने नुकत्याच युरोप जिंकलेल्या पॅरिसला १-० असे हरवले. फ्लामेंगोने पुढे विश्वविजेता ठरलेल्या चेल्सीला ३-१ असे हरवले. अल हिलालने रेयाल माद्रिदला बरोबरीत रोखले आणि नंतर मँचेस्टर सिटीला जादा वेळेत ४-३ असे बाहेर काढले. मामेलोडी सनडाऊन्सने डॉर्टमुंडला ४-३ पर्यंत घाम फोडला. चाळिशीतल्या थियागो सिल्वाच्या फ्लुमिनेन्सेने इटलीच्या इंटरला हरवले आणि पुढे उपांत्य फेरी गाठली. ब्राझीलचे चारही संघ बाद फेरीत पोहोचले. अंतिम सामना चेल्सीने पॅरिसविरुद्ध ३-० असा जिंकला, म्हणजे शेवटी युरोपचाच संघ जिंकला, आणि ते त्याने सात सामने खेळून मिळवले. अशा जेतेपदाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. समान आरंभाने खेळाचे काय भले होते हे आपल्याच स्पर्धेने दाखवून दिल्यावर आपलीच दुसरी स्पर्धा त्याच्या उलट दिशेने का जावी, हे मला उमजत नाही.

परंतु त्या ३२ संघांत कोण नव्हते तेही पाहा. जेद्दाच्या अल अहलीने ३ मे २०२५ रोजी आशियाचे विजेतेपद मिळवले. १ जून रोजी इजिप्तच्या पिरॅमिड्सने प्रथमच आफ्रिकेचे विजेतेपद मिळवले आणि त्याच दिवशी क्रूझ अझूलने उत्तर व मध्य अमेरिकेचा चषक जिंकला. दोन आठवड्यांनी विश्वचषक सुरू झाला, तेव्हा या तिन्ही संघांना त्यात स्थान नव्हते, कारण पात्रतेचा हिशोब २०२१ ते २०२४ या चार वर्षांवर बंद झाला होता. सहांपैकी तीन खंडांचे विद्यमान विजेते घरी बसले होते. पिरॅमिड्सने अंतिम लढतीत हरवलेला सनडाऊन्स मात्र अमेरिकेत होता. सनडाऊन्सचा खेळ पाहून मला आनंदच झाला, त्यांच्या जागेविषयी माझी तक्रार नाही. पण आफ्रिकेचा उपविजेता जगाच्या स्पर्धेत आणि विजेता बाहेर, ही नोंद वहीत करताना मला रकाना सापडेना. आणि युरोपच्या बारा जागांचे काय? चार वर्षांत तेथील विजेते तीनच क्लब होते, कारण रेयाल माद्रिद दोनदा जिंकला होता. उरलेल्या नऊ जागा क्रमवारीने भरल्या गेल्या. २०२५ चा विजेता पॅरिससुद्धा तेथे विजेता म्हणून नव्हे, क्रमवारीतूनच आलेला होता.

स्पर्धेच्या तोंडावर संघ बदलणे व्यवहारात अशक्य आहे, असे कोणी म्हणेल. ते शक्य आहे हे आपणच करून दाखवले. लॉस एंजेलिस एफसी आणि क्लब अमेरिका यांच्यात शेवटच्या जागेसाठीचा सामना ३१ मे २०२५ रोजी झाला, म्हणजे स्पर्धेच्या चौदा दिवस आधी, आणि जिंकलेला लॉस एंजेलिस वेळेवर मैदानात उतरला. म्हणून २०२९ च्या स्पर्धेत प्रत्येक खंडाच्या विद्यमान विजेत्यासाठी एक जागा शेवटपर्यंत मोकळी ठेवावी आणि त्यासाठी क्रमवारीच्या जागा कमी कराव्यात. जो आधीच पात्र ठरला असेल त्याच्या खंडात ती जागा क्रमवारीतल्या पुढच्या संघाला द्यावी.

त्या शेवटच्या जागेची कथा ही माझी तिसरी तक्रार आहे. मेक्सिकोच्या लेऑनने २०२३ चे खंडीय विजेतेपद जिंकून आपली जागा मिळवली होती. लेऑन आणि पाचुका एकाच मालकीचे असल्यामुळे मार्च २०२५ मध्ये त्यांना वगळण्यात आले आणि क्रीडा लवादानेही ते कायम ठेवले. एका मालकाचे दोन संघ एका स्पर्धेत नसावेत हा नियम योग्यच आहे, माझा त्याला पाठिंबा आहे. पण दोन्ही संघांची मालकी काही रातोरात जन्मली नव्हती. मैदानावर जिंकलेली जागा तीन महिने उरले असताना जाते, तेव्हा शिक्षा मालकापेक्षा खेळाडूंना आणि प्रेक्षकांना होते. संघ पात्र ठरल्याच्या दिवसापासून ठराविक मुदतीत मालकीची तपासणी पूर्ण करावी.

यजमान देशाच्या जागेचेही असेच झाले. इंटर मायामीला ती जागा ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली, ती साखळी मोसमात सर्वाधिक गुण मिळवल्याबद्दल. त्या लीगचे विजेतेपद ठरवणारी बाद फेरी तेव्हा व्हायची होती आणि ती पुढे दुसऱ्याच संघाने, लॉस एंजेलिस गॅलक्सीने जिंकली. साखळीतले पहिले स्थान हा निकष वाईट नाही. तो मोसम सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवला असता तर कोणाच्याही मनात शंका आली नसती. २०२९ च्या यजमानाची जागा कोणत्या निकषाने भरली जाईल, ते त्या देशाचा संबंधित मोसम सुरू होण्याआधी जाहीर करावे.

आता पैशांविषयी. २०२५ च्या स्पर्धेत आपण १०० कोटी डॉलर वाटले : ५२.५ कोटी सहभागासाठी आणि ४७.५ कोटी मैदानावरील कामगिरीसाठी. कामगिरीची रक्कम सर्वांना सारखी होती, हे मनापासून आवडले. ऑकलंड सिटीने बायर्नकडून ०-१० असा मोठा पराभव सोसला, बेन्फिकाकडून ०-६ असा सोसला आणि मग बोका ज्युनिअर्सविरुद्ध त्यांच्या एका शिक्षक असलेल्या बचावपटूने कॉर्नरवर हेडर मारून १-१ अशी बरोबरी साधली. नोकऱ्यांतून सुट्टी काढून आलेल्या त्या संघाला त्या बरोबरीचे दहा लाख डॉलर मिळाले आणि बोकालाही दहा लाखच मिळाले. असेच असायला हवे. पण केवळ सहभागासाठी ऑकलंड सिटीला ३५.८ लाख डॉलर, आफ्रिका, आशिया आणि उत्तर व मध्य अमेरिका यांच्या संघांना प्रत्येकी ९५.५ लाख, दक्षिण अमेरिकेच्या संघांना १ कोटी ५२ लाख आणि युरोपच्या संघांना १ कोटी २८ लाखांपासून ३ कोटी ८२ लाखांपर्यंत, अशी प्रतवारी लावण्यात आली. सर्वांत वरचा आकडा सर्वांत खालच्याच्या दहापटीहून अधिक आहे. दोघांनाही गटात तीनच सामने खेळायचे होते. मोठ्या क्लबांमुळे प्रेक्षक येतात आणि प्रक्षेपणाचे पैसे येतात, हा युक्तिवाद मला ठाऊक आहे. पण मोठ्या क्लबांना त्या मोठेपणाचे मोल त्यांच्या स्वतःच्या लीगमध्ये आणि स्वतःच्या खंडात मिळतच असते. येथे ते एका खंडाचे प्रतिनिधी म्हणून येतात. सहभागाची रक्कम सर्व ३२ संघांना सारखी द्यावी, फरक जो करायचा तो मैदानावरच्या निकालांनी करावा.

खेळाडूंच्या शरीराविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यांच्या संघटना हे माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने मांडत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये फिफप्रो या खेळाडूंच्या जागतिक संघटनेच्या युरोपीय शाखेने आणि युरोपातील लीग्जनी वेळापत्रकाविषयी युरोपीय आयोगाकडे तक्रार नेली, हे आपल्याला माहीत आहेच. २०२५ च्या स्पर्धेत सिनसिनाटीत डॉर्टमुंडचे राखीव खेळाडू उन्हामुळे पूर्वार्ध ड्रेसिंग रूममध्ये बसून पाहत होते. शार्लटमध्ये चेल्सी आणि बेन्फिका यांचा सामना वादळामुळे सुमारे दोन तास थांबला. चेल्सी १३ जुलैला अंतिम सामना खेळला आणि १७ ऑगस्टला त्यांचा नवा लीग मोसम सुरू झाला. भर दुपारी, तळपत्या उन्हात सामने ठेवू नयेत, आणि विश्रांतीचे नियम ठरवताना खेळाडूंची जागतिक संघटना त्या बैठकीत असावी, या दोन मागण्या मी त्यांच्या बाजूने जोडते. विश्रांतीचा प्रश्न फक्त युरोपच्या खेळाडूंचा नाही, हे मात्र पुन्हा सांगते. रिओहून दोह्याला तिसऱ्या दिवशी खेळायला उतरणाऱ्या खेळाडूचा गुडघाही तितकाच मोलाचा आहे.

या सर्व मागण्यांपैकी एकच मान्य करता येणार असेल, तर ती सोडतीची करावी. तिला नवे मैदान लागत नाही, जादा दिवस लागत नाही, वेगळा पैसा लागत नाही. पुढच्या आंतरखंडीय चषकाची रचना जाहीर करण्यापूर्वी परिषदेने हा विषय बैठकीत घ्यावा, त्यावर सर्व सहा खंडीय महासंघांचे मत नोंदवावे आणि निर्णय काहीही झाला तरी त्याची कारणे लेखी प्रसिद्ध करावीत. कारणे वाचायला मिळाली तर निदान आपल्याला काय पटले नाही ते कळेल आणि त्यावर पुन्हा लिहिता येईल.

माझ्या वहीत पुढच्या चषकाचे पान मी आखून ठेवले आहे. सहा चौकटी एकाच ओळीत आहेत आणि एकाही चौकटीत अजून नाव लिहिलेले नाही.

आपली नम्र,
एक फुटबॉलप्रेमी